सोळाला एक

माझ्या बहिणीचा नवरा कवळ्या करतो. लोकांना वाटतं तो दातांचा डॉक्टर आहे, आणि लोकांनी तसं समजलेलं त्याला आवडतं, असं मी लिहिणार होतो. पण खोटं कशाला बोलू? तो लगेच दुरुस्त करतो. "डॉक्टर पुढे बसतात, मी मागे असतो," असं सांगतो. मला त्याचं तेही आवडत नाही.

ही मागची खोली लांबट आहे. एकच खिडकी, तिच्याखाली टेबल. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलने आडनाव लिहिलेलं. मेणाचा वास आणि त्या गुलाबी पावडरीत कालवतात त्या औषधाचा वास, दोन्ही मिळून डोकं धरतं. हा कपाळावर भिंग चढवून बसलेला असतो. एक दात तो अर्धा तास घासतो. मग दोन जबड्यांमध्ये निळा कागद धरून चावायला लावतो, निळं कुठे लागलं ते बघतो, आणि परत घासतो. अर्ध्या तासात मी एक झाड आडवं करतो, फांद्या उतरवतो आणि वर चहा पितो.

दात कोरून पोट भरत नाही अशी म्हण आहे. या माणसाने तीस-पस्तीस वर्षं तेच करून पोट भरलं, माझ्या बहिणीचं भरलं, दोन खोल्यांचं घर बांधलं. शहाण्यांनी केलेली म्हण खोटी पाडायलाही एक प्रकारचा हट्टीपणा लागतो, आणि तो त्याच्यात भरपूर आहे.

तोंडावर मी त्याला "भावोजी, तुम्ही" म्हणतो. ताईचा नवरा आहे, म्हणावं लागतं. मनात तो दातवालाच. जेवताना घास मोजून चावतो. दुसऱ्याचं जेवण झालं, हात धुऊन झाले, ताटं उचलायची वेळ आली तरी हा आपला चावतोय. विनोद केला तर हसतो, पण थोडा वेळ थांबून, आधी नीट बघून घेतल्यासारखा. आणि बघतो फार. कोणाकडेही बघितलं तर आधी तोंडाकडे बघतो. मला बोलताना तोंडावर हात धरायची सवय त्याच्यामुळे लागली.

मी झाडं कापतो. माझ्याकडे चार मशिनी आहेत, दोन माणसं आहेत, एक टेम्पो आहे. मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, चेनसॉ. धंद्यात तिला सगळे मशीनच म्हणतात. माझ्या आधी हा धंदा बाबांचा होता. बाबांनी तो एकतीस वर्षांपूर्वी एका दिवसात सोडला. का सोडला ते घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना चुकीचं माहीत होतं. खरं फक्त मला माहीत होतं. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे या दातवाल्याच्या उद्योगाने माझी झोप का उडाली ते कळेल.

बाबांची मशीन परदेशी बनावटीची, बारा किलोची. तिला आजच्यासारखे लाड नव्हते. साखळीला तेल आपोआप जात नसे. मागच्या मुठीपाशी एक बटण होतं, ते कापता कापता अंगठ्याने दाबत राहायचं. आणि इंजिनाला वेगळं तेल नसे. ते पेट्रोलमध्येच मिसळायचं, तेच इंजिनाला आतून ओलं ठेवतं. सोळा मापं पेट्रोल, एक माप तेल. हे मिश्रण बाबा रोज संध्याकाळी स्वतः करत, त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला चालत नसे. तेल घातलं की कॅनच्या मुठीला एक लाल फडकं बांधत. गाठ त्यांची स्वतःची, दुहेरी पीळ देऊन आत खोचलेली, दुसऱ्या कोणाला ती जमत नसे. फडकं आहे म्हणजे तेल आहे. कॅन रिकामा झाला की फडकं सोडायचं. फडकं नसलेल्या कॅनला बाबा हात लावत नसत. ते म्हणत, "विसरायला एक माणूस पुरतो. म्हणून आठवायला फडकं ठेवायचं."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा घोडा होतो, बाबांबरोबर फांद्या ओढायचो. एका संध्याकाळी मला एका मुलीला सिनेमाला न्यायचं होतं आणि माझी मोपेड कोरडी पडली होती. मोपेडलाही तेल मिसळलेलंच पेट्रोल लागतं. मी बाबांच्या कॅनमधलं जवळजवळ सगळं मोपेडमध्ये ओतून घेतलं. फडकं मुठीला होतं तसंच राहिलं, झाकण उघडायला ते सोडावं लागत नव्हतं. येताना पंपावरून साधं पेट्रोल आणलं आणि कॅन होता तेवढा भरून ठेवला. तेल घालायचं माझ्या लक्षात होतं. पण तेलाचा डबा बाबांच्या खाटेखाली आणि बाबा खाटेवर झोपलेले. सकाळी घालू म्हटलं. सकाळी जाग आली ती बाबांच्या हाकेने, आणि तोवर कॅन गाडीत चढला होता. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं.

तळाशी थोडं जुनं मिश्रण राहिलं होतं म्हणून मशीन वीस मिनिटं चालली. मग तिचा आवाज चढला, चिरका झाला आणि एका झटक्यात बंद पडला. बाबांनी दोरी ओढली, हलेना. ते खाली बसले. कॅन जवळ घेतला, फडक्याची गाठ बघितली, बोटांनी चाचपली. मग झाकण उघडून चार थेंब तळहातावर घेतले, चोळले, नाकाशी नेले.

"कॅनला हात लावला होतास?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

बस, तेवढंच. पुढे काही विचारलं नाही, कारण माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. गाठ त्यांची होती, पेट्रोल कोरडं होतं, बिनतेलाचं. म्हणजे त्यांनी तेल न घालताच गाठ मारली. त्यांनी मशीन गोणपाटात गुंडाळली, कापायचं झाड तसंच उभं सोडलं आणि घरी येऊन आईला सांगितलं, "ज्याच्या हाताला गाठ आठवते आणि तेल आठवत नाही, त्याने मशीन धरू नये. आज मशीन गेली, उद्या झाडाखाली माणूस जाईल." बावन्न वर्षांचा माणूस. पुढच्या महिन्यात लाकडाच्या वखारीत फाटकावर बसायला लागले. चौदा वर्षं बसले. दुसऱ्यांनी कापलेली लाकडं आत-बाहेर जाताना बघायची, वहीत गाडीचा नंबर लिहायचा. मी सहा महिन्यांत स्वतःची मशीन घेतली. त्या मुलीने पुढे एका मास्तराशी लग्न केलं, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही.

तेव्हापासून बाबा कडी लावून तीनदा हलवून बघतात. नळ बंद करून परत जाऊन बघतात. गोळी घेतली की समोर असेल त्याला विचारतात, "घेतली ना मी?" आई होती तोवर ती हो म्हणायची, आता मी म्हणतो. पाहुणे हसतात, वय झालं म्हणतात. बाबांचं वय झालेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या कुंपणातलं कुठलं झाड कुठल्या बाजूला पाडलं ते त्यांना आजही आठवतं. फक्त स्वतःवरचा भरवसा गेला, आणि तो कुठे गेला ते मला माहीत आहे.

असो. दातवाल्याकडे येतो.

गेल्या वर्षी तो शिडी मागायला माझ्या शेडमध्ये आला. शिडी मागायला यायचं आणि शिडी घेऊन जायचं, एवढं साधं काम. पण याची नजर माळ्यावर गेली.

"ते गोणपाटात काय आहे?"

"भंगार."

"बाबांची मशीन का?"

"हो. जाम झालेली आहे आतून. मेली ती."

"कशाने?"

"वयाने," मी म्हणालो.

"वयाने जाम होतं का?" त्याने खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. त्याचा हा आवाज मला अजिबात सहन होत नाही. शिडी राहिली बाजूला, बारा किलोचं धूड छातीशी धरून तो घरी निघाला. वाटेत दोनदा खाली ठेवून रुमालाने घाम पुसला. कोणी म्हणेल, मी ती इतकी वर्षं भंगारवाल्याला का दिली नाही. दिली असती तर बाबांनी विचारलं असतं. आणि त्यांनी त्या मशीनबद्दल पुन्हा काही विचारावं हे मला नको होतं.

त्या दिवसापासून मला त्या मागच्या खोलीत जायची चटक लागली. कारण काहीतरी काढायचं, कधी ताईचा निरोप, कधी डॉक्टरला दाढ दाखवायची आहे म्हणून. जाऊन बघतो तर काय, जबड्यांच्या फळीवर एक कप्पा रिकामा करून त्यात मशीनचे स्क्रू. एकेक स्क्रू प्लॅस्टरच्या थाळीत आपापल्या खळग्यात, आणि खळग्याखाली पेन्सिलने: "डावी बाजू, वरून दुसरा". मी आयुष्यात शंभर मशिनी उघडल्या, सगळे स्क्रू एका डबड्यात टाकतो, दोन उरले तर उरले. याने तीन आठवडे फक्त काजळी काढली. कशाने? दातांच्या ब्रशने.

"एवढ्यात नवीन मशीन येते, भावोजी," मी म्हणालो.

"येते ना," तो म्हणाला आणि ब्रश बुडवला.

फुंकरीने विझेल एवढ्या दिव्यावर मेण तापवणारे हात, त्यांनी ठिणगीचे पॉइंट घासले, कडक झालेला कार्ब्युरेटरचा पडदा नवीन बसवला, दोरीची स्प्रिंग गुंडाळली. ती स्प्रिंग सुटून त्याच्या गालावर बसली, चांगला वळ उठला. मला बरं वाटलं. ताई म्हणाली, "हसतोस काय, डोळा गेला असता." मी म्हणालो, "भिंग होतं ना कपाळावर." तर ती म्हणाली, "तुला ते कधी आवडले नाहीत. का ते एकदा सांग तरी." मी सांगितलं की मला घाईत असलेली माणसं आवडतात.

साखळीची तर त्याने हद्द केली. साखळीला दात असतात, एक डावा एक उजवा असे. तो ती जुनी, गंजलेली साखळी भिंगाखाली धरून बसला. म्हणाला, "डावीकडचे दात जास्त घासलेत. अशी साखळी सरळ कापत नाही, एका अंगाला जाते. बाबा ती कशी सांभाळत असतील?" घरी आल्यावर मी हे बाबांना चेष्टा म्हणून सांगितलं. बाबा खुर्चीत सरळ झाले. "डाव्या बाजूला माझा हात नीट पडायचा नाही. म्हणून कानशीचे दोन घासे जास्त मारायचो. कापताना कोपर थोडं उचलून धरायचं, मग सरळ जाते," ते म्हणाले. आणि खुर्चीत बसल्या बसल्या कोपर उचलून दाखवलं. एकतीस वर्षांत त्यांनी मशीनबद्दल एक शब्द काढला नव्हता. आता रोज संध्याकाळी विचारायला लागले, "जावईबापूंचं कुठवर आलं?"

मग एक दिवस मी गेलो तर फळीवर, दोन जबड्यांच्या मध्ये, पिस्टन उभा होता. स्वच्छ पुसलेला, खिडकीकडे तोंड करून. मी त्याच्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं.

"हे बघा," दातवाला म्हणाला. "चारही बाजूंनी ओरखडलाय. मी वाचलं, हवा घुसून जाम झालं तर ओरखडे एकाच बाजूला येतात. चारही बाजूंनी आले म्हणजे आत तेलच नव्हतं."

"मग? बाबा विसरले. सगळ्यांना माहीत आहे."

"हो. लग्न ठरलं तेव्हा मलाही सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, सासरा विसराळू आहे, हे आधीच कळलेलं बरं." त्याने पिस्टन उचलला, भिंग खाली ओढलं. "तीस वर्षं मी त्यांच्या पंगतीला बसतोय. ते काही विसरलेले मी बघितलं नाही. मला ते कधी पटलं नाही."

त्याने बारीक पॉलिश पेपर घेतला आणि पिस्टन घासायला लागला. सिलिंडरला चिकटलेला धातू त्याने आम्लाचा एकेक थेंब टाकून काढला, आठवडाभर. खोटं नाही सांगत, आतून सिलिंडर आरशासारखा झाला होता. मला तो फोडावासा वाटला.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि हे सांगताना मी स्वतःची बाजू मांडणार नाही. मशीन जुळवून झाली. रंगसुद्धा दिला नव्हता त्याने. मुठीवर बाबांच्या हाताने झिजलेली जागा होती तशी ठेवली होती. म्हणे, "तिथे रंग कशाला?" मग नवीन साखळी चढवताना त्याने विचारलं, "तेल किती घालायचं? तुम्ही धंद्यातले."

"पन्नासला एक," मी म्हणालो. "आता सोळाला एक कोणी घालत नाही. धूर होतो नुसता."

माझ्या नव्या मशिनींना पन्नासला एक चालतं, हे खरं आहे. त्या म्हाताऱ्या इंजिनाला चाललं असतं की नाही, मला माहीत नव्हतं. आताचं तेल चांगलं येतं, कदाचित चाललंही असतं. पण सांगताना माझ्या मनात ते नव्हतं. मनात होतं की ती पुन्हा जाम व्हावी. तेल घालूनही जाम झाली म्हणजे दोष मशीनचाच, आणि विषय कायमचा मिटला. भंगार उचलून भंगारात.

दातवाल्याने माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. "बरं," म्हणाला.

रविवारी सकाळी माझ्या आवारात मंडळी जमली. ताई, दातवाला आणि खुर्चीत बाबा. मी दोन लाकडी घोड्यांवर एक ओंडका चढवून ठेवला होता. मुद्दाम जुना, वाळून दगड झालेला, मध्ये गाठ असलेला. दातवाला काय ध्यान करून आला होता, ते सांगायला हवं. कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांना चष्मा, छातीवर कामावरचा पांढरा एप्रन, त्यावर गुलाबी डाग. कवळीची मापं घ्यायला निघाल्यासारखा. माझी दोन्ही माणसं रविवार असून बघायला आली होती आणि टेम्पोच्या आडून हसत होती. मीही हसलो.

त्याने मशीन ओंडक्यावर ठेवली. मग पिशवीतून कॅन काढला. पेट्रोलचा नवा कॅन, पाढे म्हणावेत तशी मोजून सोळा मापं भरलेला. मग तेलाची बाटली. मग बाबांचं जुनं पितळी माप, ते ताईने कुठून शोधलं देव जाणे. आणि शेवटी एक लाल फडक्याची चिंधी, कडा शिवलेली. सगळं माझ्यासमोर मांडलं.

"तेल तुम्ही घाला," तो म्हणाला. "किती ते तुम्हाला माहीत आहे."

एवढंच. टोमणा नाही, आवाजात काही नाही. मला तो टोमणा मारता तर बरं झालं असतं, मी त्याला चार शब्द सुनावले असते. बाबा खुर्चीत पुढे वाकून बघत होते.

मी माप भरलं. थोडं तेल बोटांवर आलं. काठोकाठ भरलं आणि ओतलं.

"किती घातलंस?" बाबांनी विचारलं. कान गेलेत त्यांचे, स्वतःही ओरडूनच बोलतात.

"सोळाला एक," मी म्हणालो.

दातवाल्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मी कॅन हलवला, झाकण लावलं आणि फडकं बाबांपुढे धरलं. म्हटलं, "बांधा."

बाबांनी दोन्ही हात मागे घेतले. भाजल्यासारखे घेतले. "तू बांध," ते म्हणाले. "माझी गाठ खोटी निघते."

त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि हे त्याने लाजून म्हटलं. जावयासमोर, माझ्या दोन माणसांसमोर. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. ते त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले होते. इतकी वर्षं मी दातवाल्याला नावं ठेवली, डॉक्टरला ठेवली, गिऱ्हाइकांना ठेवली, जो हळू काम करतो त्याला ठेवली, जो बघतो त्याला ठेवली. आणि ज्याला ठेवायची तो रोज दाढी करताना समोर असायचा.

"तुमची गाठ खोटी नव्हती," मी म्हणालो.

"काय?"

"तुमची गाठ खोटी नव्हती, बाबा."

"मोठ्याने बोल."

मग ओरडून सांगावं लागलं. कॅनमधलं पेट्रोल मी काढलं होतं. मोपेडला. परत भरलं ते कोरडं. फडकं तुमचं होतं तसंच राहिलं. तुम्ही तेल घातलं होतं, बाबा, तुम्ही विसरला नव्हता. एकेक वाक्य ओरडून, मध्ये थांबून. टेम्पोआडचं हसणं बंद झालं. ताई तोंडावर हात ठेवून उभी राहिली. बाजूच्या घराची खिडकी उघडी होती, ती कोणीतरी लावून घेतली.

बाबा कॅनकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. मी लहान असताना ओरडायचे, हातही उगारायचे. मी ओरडा खायला तयार होतो.

"मग मी चौदा वर्षं फाटकावर कशाला बसलो?" त्यांनी विचारलं.

ते रागाने विचारत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि मी देईन म्हणून ते माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनीच नजर काढून घेतली, हात मांड्यांखालून बाहेर काढले आणि माझ्या हातातलं फडकं घेतलं. दुहेरी पीळ, आत खोच. गाठ एका दमात बसली. ओढून बघितली नाही.

"जावईबापू, दोरी तुम्ही ओढा. माझा खांदा राहिलेला नाही."

भावोजींनी दोरी ओढली. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा खोकली, चौथ्यांदा लागली. तो आवाज मी एकतीस वर्षांनी ऐकला. जाड, सावकाश, आताच्या मशिनींसारखा केकाटणारा नाही. निळा धूर आवारभर पसरला. बाबा ओंडक्यापाशी उभे राहिले. मशीनचं वजन ओंडक्यावरच होतं, त्यांनी फक्त मुठी धरल्या, आणि भावोजी मागे त्यांच्या कमरेशी हात धरून उभे. बाबांचं कोपर थोडं उचललेलं होतं.

मी ओरडलो, "साखळी नवीन आहे, बाबा, कोपर खाली." त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल.

साखळी लाकडात उतरली. भुसा पांढरा, लांब, सरळ पडत होता. बाबांचा अंगठा ठरल्या वेळाने बटण दाबत होता, न चुकता. मधली गाठ आली तिथे मशीन अडखळली, त्यांनी जोर दिला नाही, थोडं मागे घेऊन परत उतरवली, आणि पुढे गेली. चकती खाली पडली. भावोजींनी मशीन बंद केली आणि ती चकती उचलून भिंगाशिवायच नीट बघितली. कापलेला भाग सपाट होता. बाबा परत खुर्चीत बसले तेव्हा त्यांनी ती बाबांच्या मांडीवर ठेवली. मला त्या दोघांच्यात जागा नव्हती.

निघताना बाबा म्हणाले, "जावईबापू, मशीन तुमच्याकडेच राहू द्या. आणि कॅनही घेऊन जा. इथे नको." माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. तिरस्कार म्हणजे काय ते मला दुसऱ्या कोणी शिकवायला नको, त्यात माझी हयात गेली. पण बाबांच्या आवाजात मी तो पहिल्यांदा ऐकला.

आता दर रविवारी भावोजी येतात आणि बाबांना त्यांच्या घरी घेऊन जातात. तिथे मागच्या अंगणात दोघं काहीतरी कापत बसतात. ताई सांगते, बाबा तिथे तासन्‌तास बोलतात.

घरी फारसं बोलत नाहीत. गोळी घेतली का विचारत नाहीत, घेतात आणि पाणी पितात. झोपायला जाताना कडी लावतात आणि सरळ खाटेवर जाऊन पडतात, हलवून बघत नाहीत. पण एखाद्या दिवशी कडी मी लावली, तर उठतात. भिंत धरत धरत दारापर्यंत येतात आणि ती तीनदा हलवून बघतात.